लैंगिक आजाराची शंका आली तर: गावाकडच्या तरुण मुलामुलींसाठी

एड्सचं नाव गावात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दवाखान्याच्या भिंतीवर ते रंगवलेलं असतं, १ डिसेंबरला कॉलेजची रॅली निघते. पण लघवीला आग होऊ लागली किंवा जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) आलं, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कोणत्या दाराशी जायचं आणि तिथे काय बोलायचं, हे बारावी झालेल्या पोरालाही बहुतेक वेळा माहीत नसतं. मुलींची अडचण त्याहून मोठी. 'अंगावरून पांढरं जातं' याच्या पुढचे शब्दच त्यांना कोणी दिलेले नसतात.

मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाचं काम करते. समोर बसलेला पोरगा बहुतेकदा सुरुवात करतो ती अशी: "ताई, माह्या एका दोस्ताले तरास आहे." मी त्या दोस्ताबद्दलच बोलत राहते, कारण माहिती योग्य माणसापर्यंत पोचतेच. तीच माहिती इथे क्रमाने देते आहे. वय अठराच्या आत असेल तर शेवटाकडचा 'अठराच्या आत असाल तर' हा भाग आधी वाचा.

पायरी १. कशाबद्दल बोलतोय ते समजून घ्या

संबंधातून पसरणारे जंतू तीसहून जास्त आहेत, पण मुख्य आठ. त्यातले चार औषधाने पूर्ण बरे होतात: सिफिलिस (ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात), गनोरिया (परमा), क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास. उरलेले चार विषाणूंमुळे होतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हर्पिस आणि एचपीव्ही. यांना मुळासकट घालवणारं औषध नाही, पण एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हर्पिस औषधाने ताब्यात राहतात, आणि एचपीव्ही बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांना पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका असतो.

सगळ्यात जास्त नुकसान एका समजुतीने होतं, की त्रास नाही म्हणजे आजार नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायांना काहीच जाणवत नाही. तो तसाच राहिला तर गर्भनळ्या खराब करतो, आणि मग लग्नानंतर मूल होत नाही म्हणून त्या बाईला बोल लावला जातो. सिफिलिसची पहिली जखम संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते. ती दुखत नाही आणि महिना-दीड महिन्यात आपोआप भरते. माणूस सुटकेचा श्वास सोडतो, पण आजार रक्तात शिरलेला असतो. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर चट्टे येतात, तेही जातात. बाई गरोदर असेल तर बाळ पोटातच दगावू शकतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायांची तपासणी केली होती. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही निघालं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ते सगळेच आजार संबंधातून आलेले नव्हते. पण इतक्या बाया इतकी वर्षं अंगावर काढत होत्या, हे जगाला विदर्भातल्या दोन गावांमुळे कळलं. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून प्रत्येक नव्या मुलीला मी तो सांगते.

पायरी २. निरोध: कुठून आणायचा, कसा ठेवायचा, कसा वापरायचा

उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई यांच्याकडे निरोध फुकट मिळतो. अडचण अशी की आशाताई ही कोणाची तरी काकू किंवा शेजारीण असते, आणि तिच्याकडे मागायची हिंमत होत नाही. मग तालुक्याच्या आयसीटीसीमध्ये जा (सरकारी दवाखान्यातलं एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र). तिथे न विचारता हातात देतात. किंवा दुसऱ्या गावच्या मेडिकलमधून विकत घ्या. काउंटरवर पाकीट दाखवून पैसे द्यायचे, इतकंच काम आहे.

आपल्याकडचा उन्हाळा निरोधचा शत्रू आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. गाडीच्या डिक्कीत किंवा पँटच्या मागच्या खिशात पाकिटात दाबून ठेवलेलं रबर त्यात कमजोर होतं आणि ऐन वेळी फाटतं. घरात सावलीत, थंड जागी ठेवा, टिनाच्या छताला लागून असलेल्या फळीवर नको. वापरायच्या आधी पाकिटावरची तारीख वाचा आणि पाकीट बोटांनी दाबून पहा. आत हवा लागली पाहिजे. हवा नसेल तर फेकून द्या.

पाकीट हाताने फाडा, दात किंवा ब्लेड लावू नका. लिंग ताठ झाल्यावर, पण जोडीदाराच्या अंगाला लागण्याआधी, निरोधचं टोक चिमटीत धरून त्यातली हवा काढा आणि तसंच धरून मुळापर्यंत उलगडत न्या. उलटा लागला तर तोच पुन्हा सुलटा करून वापरू नका, नवा घ्या. काम झाल्यावर ताठपणा जायच्या आत, कडा धरून बाहेर काढा. गाठ मारा, कागदात गुंडाळा, कचऱ्यात टाका. प्रत्येक वेळी नवा. एकावर एक दोन घातले तर घासून फाटतात. आणि खोबरेल तेल, व्हॅसलीन, तूप यातलं काहीही लावायचं नाही, तेलाने हे रबर काही मिनिटांत कमजोर होतं. ओलावा हवा असेल तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळतं.

तोंडाने किंवा गुदद्वारातून संबंध येत असेल तरी निरोध लागतोच, तिथूनही हे आजार जातात. मुलींनी हे पक्कं लक्षात ठेवावं: आय-पिल, माला-डी, तांबी किंवा ऑपरेशन, यातलं काहीही आजार थांबवत नाही. ते फक्त दिवस जाण्यापासून वाचवतं. निरोधही सगळं झाकत नाही. हर्पिस, एचपीव्ही आणि सिफिलिसची जखम निरोधच्या बाहेरच्या कातडीवर असू शकते, म्हणून जोडीदाराच्या अंगावर फोड किंवा जखम दिसत असेल तर त्या दिवशी संबंधच नको. दारू प्यायल्यावर निरोधची आठवण राहत नाही, हेही मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे.

लसी दोन आहेत. हिपॅटायटिस बीची लस लहानपणी झाली नसेल तर तीन डोस घेता येतात: आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. एचपीव्हीची लस पहिल्या संबंधाच्या आधी, ९ ते १४ या वयात सगळ्यात जास्त उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही भारतात बनलेली लस आहे. लहान बहिणीसाठी दवाखान्यात विचारून ठेवा.

पायरी ३. शरीराकडे पहा, आणि काय नॉर्मल आहे ते ओळखा

धात गेल्याने अशक्तपणा येतो, या भीतीने जितकी पोरं खंगतात तितकी आजाराने खंगत नसतील. झोपेत वीर्य जाणं आणि हस्तमैथुन हे आजार नाहीत, त्यांच्यावर औषध नसतं आणि लागतही नाही. मुलींना पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, चिकट, वास नसलेला पांढरा स्राव जातो, तो निरोगी असतो. जांघेत गोल, खाजरा, कडेने लाल चट्टा असेल तर तो बहुधा नायटा असतो. घाम, घट्ट जीन्स आणि एकच टॉवेल चौघांनी वापरणं ही त्याची कारणं. त्यावर मेडिकलमधलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. आठ दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो.

दवाखान्यात जायला हवं ते यासाठी: लघवी करताना आग, लिंगाच्या टोकाला पू, योनीतून पिवळा-हिरवा किंवा घाण वासाचा किंवा दह्यासारखा स्राव, लिंगावर, योनीजवळ, गुदद्वाराजवळ किंवा तोंडात जखम, पाण्याने भरलेले बारीक फोड, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे मस, जांघेत अवधाण, एका बाजूचा अंड सुजून दुखणं, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं किंवा संबंधानंतर रक्त जाणं. जखम दुखत नसेल तर जास्त घाई करा, सिफिलिसची जखम दुखत नाही. अंड अचानक, काही तासांत सुजून असह्य दुखू लागला तर ओपीडीची वाट न पाहता इमर्जन्सीत जा. तो पीळ पडल्याने दुखत असू शकतो, आणि उशीर झाला तर अंड काढावा लागतो.

दह्यासारखा, म्हणजे बुरशीमुळे होणारा स्राव कधी कधी संबंधाशिवायही होतो. तेव्हा अशी लक्षणं दिसली म्हणून कोणाच्या चारित्र्यावर लगेच शंका घेऊ नका, तपासणी होऊ द्या.

पायरी ४. दवाखान्यात जायच्या आधी हे करू नका

डेटॉल, मिठाचं पाणी, लिंबू, हळद, पेट्रोल, असं काही त्या जागी लावू नका. योनी आतून धुऊ नका, त्याने आतलं संरक्षणच जातं. फोड फोडू नका.

मेडिकलमधून 'लघवीच्या जळजळीची गोळी' मागू नका. आमच्याकडे येणारे बरेच पोट्टे आधी तिथून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या दोन-तीन गोळ्या घेऊन आलेले असतात. गनोरियाच्या जंतूवर ती गोळी आता चालत नाही. त्रास थोडा कमी होतो, जंतू राहतो, आणि जोडीदाराला जातो. बसस्टँडच्या मुतारीतल्या जाहिराती आणि बाजारातले जडीबुटीवाले तंबू यांच्यापासून तर लांबच रहा. हजारो रुपयांचा 'कोर्स' विकत घेऊन, महिने वाया घालवून शेवटी आमच्याकडे आलेली माणसं पाहिली की जीव तुटतो. सरकारी दवाखान्यात तेच काम फुकट होतं.

पायरी ५. योग्य दाराशी पोचा

उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी शोधा. हे खास लैंगिक आजारांसाठी असतं. ग्रामीण रुग्णालयात 'आयसीटीसी' ही पाटी शोधा. तिथे समुपदेशक आणि लॅब टेक्निशियन असतात, रक्त तपासतात आणि औषधासाठी योग्य डॉक्टरकडे पाठवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही हे उपचार करता येतात. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि सेवाग्रामला त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ या एचआयव्ही-एड्सच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. तो फुकट लागतो आणि नाव सांगायची सक्ती नाही.

'कोणी पाहिलं तर?' हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. त्याचं उत्तर असं. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी अर्धं गाव तालुक्याला असतं. शेजारच्या तालुक्याला गेलात तरी चालतं, तुमच्याच गावच्या दवाखान्यात दाखवायचं असं बंधन नाही. आणि आयसीटीसीच्या बाकावर बसलेलं कोणी पाहिलं तरी त्याला काही कळत नाही. प्रत्येक गरोदर बाईची आणि टीबीच्या रुग्णाची तपासणी त्याच खोलीत होते.

केस पेपरच्या खिडकीवर 'काय होतंय?' असं मोठ्याने विचारतात. तिथे सगळं सांगायची गरज नाही. 'त्वचेचं दाखवायचं आहे', 'लेडीज डॉक्टरला दाखवायचं आहे' किंवा 'समुपदेशकांना भेटायचं आहे' एवढं पुरे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपर आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजांना हा नियम लागू नाही, तिथे थोडे पैसे जवळ ठेवा.

पायरी ६. खोलीत गेल्यावर काय बोलायचं

लाजेने निम्मं बोललं की उपचारही निम्माच होतो. हे असं सांगता येईल: "चार दिवसांपासून लघवीला आग होते, टोकाला पू येतो. पंधरा दिवसांपूर्वी निरोध न वापरता संबंध आला होता. मेडिकलमधून दोन गोळ्या घेतल्या होत्या." काय होतंय, कधीपासून, शेवटचा असुरक्षित संबंध कधी, आधी काय औषध घेतलं. याशिवाय पेनिसिलिनची किंवा दुसऱ्या कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती, आणि मुलींनी शेवटच्या पाळीची तारीख सांगावी, कारण गरोदरपणात काही औषधं चालत नाहीत. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या. अनेक जण तसं करतात आणि आम्हाला ते सोयीचंच पडतं.

संबंध कोणाशी आला हे विचारलं जाईल, कारण कुठे तपासायचं ते त्यावरून ठरतं. मुलाचा मुलाशी संबंध आला असेल तर तेही सांगा. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधला संमतीचा असा संबंध गुन्हा नाही. 'लग्न झालं का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणायला घाबरू नका. मुलींना पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सिस्टरला सोबत थांबायला सांगायचा हक्क आहे. आणि कोणी उपदेशाचा डोस पाजलाच, तर उठून निघून न जाता समुपदेशकाकडे या. त्या बोलण्यापायी उपचार सोडू नका.

जागा तपासल्याशिवाय औषध घेऊ नका. सरकारी औषधं रंगीत डब्यांत येतात: लिंगातून पू येत असेल तर राखाडी, योनीस्रावासाठी हिरवा, जखमेसाठी पांढरा, निळा किंवा लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळा, अवधाणासाठी काळा. राखाडी डब्यातल्या गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या असतात, त्या तिथेच समोर घ्या. हिरव्या डब्यातली गोळी घेतल्यावर दारू पिऊ नका. सुरुवातीचा सिफिलिस पेनिसिलिनच्या एका वेळच्या इंजेक्शनने बरा होतो. मित्राच्या डब्याचा रंग पाहून स्वतःचा आजार ठरवू नका.

पायरी ७. रक्ततपासणी: केव्हा आणि कशी

लैंगिक आजाराची शंका असेल तर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्हीची तपासणी मागा. जखम किंवा पू असताना एचआयव्ही जास्त सहज शिरतो. पण काल संबंध आला आणि आज तपासणी केली तर काही कळत नाही. आज एकदा करा आणि संबंधाला तीन महिने झाल्यावर पुन्हा करा. तीन महिन्यांनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट भरवशाचा असतो, अर्थात मधल्या काळात धोका पुन्हा पत्करला नसेल तर.

तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका तपासणीत काही आलं म्हणजे निकाल लागला असं नाही. आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या किटवर तपासूनच पॉझिटिव्ह म्हणतात. तसं आलं तर एआरटीच्या (एचआयव्ही ताब्यात ठेवणाऱ्या) गोळ्या आयुष्यभर मोफत मिळतात. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. अशा माणसाचं लग्न होतं, निरोगी मुलं होतात.

जबरदस्ती झाली असेल तर वेळ घालवू नका. ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या सुरू कराव्या लागतात. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. थेट रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. पोलिसांत तक्रार झालेली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत.

अठराच्या आत असाल तर

शरीर, पाळी, हस्तमैथुन, निरोध यांबद्दल काहीही विचारायचं असेल तर सरकारी दवाखान्यातलं 'मैत्री क्लिनिक' १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठीच आहे. नुसते प्रश्न विचारल्याने काही होत नाही. मात्र एक गोष्ट तुमच्यापासून लपवणं मला पटत नाही. पॉक्सो कायद्यानुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) अठराच्या आतल्यांची संमती धरली जात नाही, आणि संबंध आल्याचं कळलं तर दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. एचआयव्ही तपासणीलाही पालकाची संमती लागते. म्हणून त्रास असेल तर विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला, मावशीला, बाईंना, आशाताईला, आधी सांगा आणि त्यांना सोबत न्या. कोणी त्रास देत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे. पोलिसांच्या भीतीने पू येत असताना घरी बसू नका. आजार वय पाहून थांबत नाही.

पायरी ८. जोडीदाराला सांगा

हीच पायरी सगळ्यात जास्त जण गाळतात, आणि त्यामुळेच आजार परत येतो. तुम्ही गोळ्या घेतल्या, जोडीदाराने घेतल्या नाहीत, की पुढच्या संबंधात तोच जंतू तुमच्याकडे. दोघांचे उपचार पूर्ण होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध नको. जखम असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत नको.

भांडण होईल या भीतीने सांगवत नसेल तर असं बोला: "मला डॉक्टरांनी इन्फेक्शन सांगितलं आहे, तुलाही औषध घ्यावं लागेल, उद्या सोबत चल." कोणाकडून आलं याचा निवाडा त्या वेळी करू नका. हे आजार महिनोन् महिने लक्षणांशिवाय राहतात, त्यामुळे आधी कोणाला झाला हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही. नवऱ्याकडून मारहाणीची भीती असलेल्या बाईने एकटीने सांगू नये. समुपदेशकाला सांगा, आम्ही दुसऱ्या कारणाने त्याला बोलावून घेतो.

कापूस वेचून झाला की आपली कितीतरी पोरं कामाला पुण्याला, बुटीबोरीला, हैदराबादला जातात. जोडीदार असा बाहेरगावी असेल तर समुपदेशकाकडून त्याच्या नावाची चिठ्ठी मागून घ्या आणि तिचा फोटो त्याला पाठवा. तिच्यावर कोणतं औषध द्यायचं ते लिहिलेलं असतं. तो जिथे असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात ती दाखवू शकतो. सिफिलिस निघाला असेल तर दोघांनीही तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं, त्या तारखा आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.